आंब्याच्या पेटीचा ऑर्डर फॉर्म, आणि रकान्यांना जावास्क्रिप्टने शहाणं कसं करायचं

आमची देवगड तालुक्यात कलमांची बाग आहे. फार मोठी नाही, पण मार्च ते मे घरात कुणाला धड जेवायला वेळ मिळत नाही एवढी आहेच. ऑर्डरी घ्यायचं खातं वर्षानुवर्षं काकांकडे. पडवीत खुर्ची, मांडीवर वही, कानाला फोन, आणि "किती डझनी पेटी? कधी पाठवू? पत्ता सांगा, सावकाश सांगा" असं विचारत विचारत लिहून घ्यायचे. मग सगळ्यांनी ठरवलं की आता वेबपेज करूया, आणि पुतणी कॉम्प्युटर शिकलीय म्हटल्यावर ते काम माझ्याच गळ्यात पडलं. पहिल्या सीझनला मी केलेला फॉर्म दिसायला चकाचक होता आणि वागायला भलता खडूस, एक अक्षर टाइप केलं की लाल, दुसरं केलं की अजून लाल. काकांनी दोन दिवस बघितला आणि म्हणाले, "गो बाय, तुजो फॉर्म मानसाक पुरा बोलाकच देना नाय."

तेव्हापासून माझा नियम साधा आहे, काका फोनवर जे करतात ते स्क्रिप्टने करायचं आणि काका जे करत नाहीत ते करायचं नाही. खाली सांगतेय ते त्याच हिशोबाने. एचटीएमएल थोडंफार येतं असं धरून चाललेय. आणि हो, फंक्शनची, इव्हेंटची नावं इथे मी बोलते तशी देवनागरीत लिहितेय, एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायची.

गंमत म्हणजे जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केप ब्राउझरसाठी जन्माला आली, ब्रेंडन आइकने तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, आणि सुरुवातीला लोकांनी ती वापरली ती मुख्यतः ह्याच कामाला, म्हणजे फॉर्म सर्व्हरकडे जायच्या आधी रिकामा राहिलेला रकाना जागच्या जागी पकडायचा, कारण तेव्हा डायल-अपवरून फॉर्म जाऊन परत येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. आमच्या वाडीतली रेंज बघता ते दिवस अजून पुरते संपलेले नाहीत.

आधी स्क्रिप्टशिवाय फॉर्म चालला पाहिजे

स्क्रिप्टला हात लावायच्या आधी साधा फॉर्म नीट उभा करा. प्रत्येक रकान्याला लेबल, आणि लेबलच्या फॉरमध्ये रकान्याचा आयडी, म्हणजे लेबलवर बोट लागलं तरी कर्सर रकान्यात जातो, जाड अंगठ्यांना ह्याचा फार उपयोग. आणि नेम हे ॲट्रिब्यूट विसरू नका! मी पहिल्यांदा सगळ्यांना आयडी दिले आणि फोन नंबरच्या रकान्याला नेम द्यायचं राहिलं. रकाना दिसत होता, भरता येत होता, पण सबमिट केल्यावर तेवढी एकच गोष्ट येत नव्हती, कारण ज्याला नेम नाही ते ब्राउझर पाठवतच नाही. चार ऑर्डरी अशा आल्या की पत्ता आहे, पेट्या आहेत, आणि फोन करायला नंबर नाही. चेकबॉक्सचं पण लक्षात ठेवा, टिक नसेल तर तो "नाही" असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही.

दुसरी खोड बटणाची. फॉर्मच्या आत बटण टाकलं आणि त्याचा टाइप लिहिला नाही तर ते सबमिटचंच बटण असतं. मी पेट्या कमीजास्त करायला प्लस-मायनसची दोन गोंडस बटणं केली होती, लोक प्लस दाबायचे आणि ऑर्डरच निघून जायची. त्यांना टाइप बटण असं स्पष्ट लिहायचं, विषय संपला.

आता रकान्यात काही घडलं, म्हणजे इव्हेंट झाला, की स्क्रिप्टला कळावं म्हणून कान लावायचे कुठे. प्रत्येक रकान्याला वेगळा ॲडइव्हेंटलिसनर जोडत बसू नका, आख्ख्या फॉर्मलाच एक जोडा. रकान्यात घडलेलं वर फॉर्मपर्यंत पोचतं, आणि इव्हेंटच्या टार्गेटवरून कळतं की कुठल्या रकान्यात घडलं. उद्या दुसऱ्या पत्त्याचा रकाना नव्याने टाकला तरी तो आपोआप ह्यात येतो. फक्त फोकस (रकान्यात शिरणं) आणि ब्लर (बाहेर पडणं) हे दोन इव्हेंट असे वर जात नाहीत, त्यांच्याऐवजी फोकसइन आणि फोकसआउट घ्यायचे, ते जातात.

बोलणं पुरं होऊ द्या

इनपुट आणि चेंज ह्या दोन इव्हेंटमध्ये सगळं रहस्य आहे. इनपुट म्हणजे प्रत्येक अक्षराला. चेंज म्हणजे टेक्स्टच्या रकान्यात माणसाने लिहून झालं आणि तो बाहेर पडला की. काका फोनवर काय करतात, समोरचा "नऊ आठ..." म्हणाला की लगेच "नंबर चुकीचा आहे" असं ओरडत नाहीत ना, तो पुरा दहा आकडे सांगेपर्यंत थांबतात, आणि मग कमी पडले तर विचारतात. तर चूक दाखवायची ती माणूस रकान्यातून बाहेर पडल्यावर, चेंज किंवा फोकसआउटवर. पण एकदा चूक दाखवली आणि तो परत येऊन दुरुस्त करायला लागला की मग मात्र इनपुटवर तपासत राहा, बरोबर झाल्याक्षणी लाल रेघ गेली पाहिजे. उशिरा रागवा, लवकर माफ करा. मी त्यासाठी रकान्याच्या डेटासेटमध्ये, म्हणजे रकान्यालाच आपली चिठ्ठी चिकटवायच्या जागेत, "एकदा चुकलाय" अशी खूण ठेवते, खूण असेल तरच इनपुटवर तपासणी.

बेरीज, एकूण रक्कम असल्या गोष्टी मात्र इनपुटवरच करा, तिथे माणसाला लगेच दिसलेलं आवडतं.

टाइप करता करता रकान्यातला मजकूर स्क्रिप्टने बदलायचा मोह आवरा. फोन नंबरात आपोआप स्पेस घालणे वगैरे. व्हॅल्यू बदलली की कर्सर बऱ्याचदा उडी मारून शेवटी जातो, मधला एक आकडा दुरुस्त करणारा माणूस वेडा होतो. आणि मराठी लिहिणाऱ्यांचं अजून एक, इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवणारे कीबोर्ड शब्द अर्धवट शिजत ठेवतात, त्या वेळी इव्हेंटमध्ये इजकंपोझिंग खरं असतं. तेव्हा तुम्ही मधे तोंड घातलंत तर "कणकवली" चं भलतंच काहीतरी होतं. इजकंपोझिंग खरं असेल तर गप्प परत जायचं, कंपोझिशनएंड आला की मग बघायचं.

उलट बाजूची एक गंमत, स्क्रिप्टने व्हॅल्यू बदलली तर इनपुट किंवा चेंज काहीच उडत नाही. माझं प्लसचं बटण पेट्यांचा आकडा वाढवायचं, आकडा वाढलेला दिसायचा, आणि खालची रक्कम ढिम्म तशीच. एक तर आकडा बदलल्यावर रक्कम काढणारं फंक्शन तुम्ही स्वतः बोलवा, नाहीतर डिस्पॅचइव्हेंटने नवा इनपुट इव्हेंट उडवा आणि त्यात बबल्स ट्रू ठेवा, म्हणजे फॉर्मवरच्या कानापर्यंत जाईल. मी पहिलं करते, वाचायला सोपं.

२ आणि १ मिळून २१ पेट्या

ही खरी झालेली गोष्ट. फॉर्मवर दोन रकाने, पाच डझनी पेटी किती आणि एक डझनाचा बॉक्स किती. पुण्याच्या एका बाईंनी २ पेट्या आणि १ बॉक्स लिहिलं. रक्कम बरोब्बर आली. आणि वर लिहून आलं, एकूण नग २१. त्यांनी घाबरून फोन केला, काकांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

कारण असं की रकान्याची व्हॅल्यू ही कायम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते, टाइप नंबर लिहिला तरी स्ट्रिंगच. गुणाकाराला जावास्क्रिप्ट स्ट्रिंगचा नंबर करून घेते, म्हणून २ गुणिले दर बरोबर आला. अधिकच्या चिन्हाला मात्र दोन अर्थ आहेत, बेरीज आणि जोडणी, आणि समोर स्ट्रिंग दिसली की ती जोडते. म्हणून २ ला १ चिकटला. अर्धा हिशोब बरोबर येतो म्हणून ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही, हेच तिचं विष.

उपाय, रकान्यातून काढल्याक्षणी नंबर करा आणि मगच पुढे न्या. नंबर फंक्शन कडक आहे, "5 पेट्या" दिलं तर नॅन देतं, म्हणजे हा आकडा नाही. पार्सइंट सैल आहे, "5 पेट्या" मधून 5 उचलतं. आमच्याकडे लोक "२ पेटी" असं लिहितातच, म्हणून मी पार्सइंट घेते आणि दुसरा आर्ग्युमेंट १० देते, म्हणजे आकडा दशमान पद्धतीचा धर. रिकाम्या रकान्याचं बघा, नंबर फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगचा ० करतं, पार्सइंट नॅन करतं. नॅन एकदा हिशोबात शिरला की शेवटपर्यंत सगळं नॅन, आणि गिऱ्हाइकाला "एकूण रुपये नॅन" असं दिसतं. नंबर डॉट इजनॅनने तपासून शून्य धरा.

पण थांबा, पार्सइंट आणि नंबर दोघंही फक्त इंग्रजी आकडे ओळखतात. मराठी कीबोर्डवरून "५" आला की नॅन! रेगेक्समधला, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या खुणांमधला, बॅकस्लॅश डी पण जावास्क्रिप्टमध्ये शून्य ते नऊ इंग्रजीच पकडतो. काका मराठी आकडे ऐकतात, मराठी आकडे लिहितात, आणि आपला फॉर्म म्हणणार हा आकडाच नाही? ह्याला तीन ओळींचं फंक्शन पुरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५, ओळीने. रिप्लेसमध्ये ० ते ९ देवनागरी असा रेगेक्स ग्लोबल फ्लॅग लावून द्या, सापडलेल्या प्रत्येक अक्षराच्या चारकोडॲटमधून २४०६ वजा करा, राहिलं ते इंग्रजी अंकात. ह्याला मी आकडेशुद्धी म्हणते आणि पेट्या, पिन, फोन सगळ्यांना आधी त्यातून काढते.

ह्याच कारणाने मी टाइप नंबर वापरायचं सोडलं. ब्राउझरला आत लिहिलेलं नंबर वाटलं नाही तर तो स्क्रिप्टला रिकामी स्ट्रिंग देतो, म्हणजे माणसाने लिहिलं काय होतं हे आपल्याला कळायचा मार्गच बंद. शिवाय त्यात मॅक्सलेंथ, म्हणजे अक्षरांची मर्यादा, चालत नाही, आणि ई हे अक्षर चालतं, कारण शास्त्रीय पद्धतीने मोठा आकडा लिहिताना ई लागतो. आंब्याच्या पेट्यांना लागत नाही. टाइप टेक्स्ट, इनपुटमोड न्यूमेरिक, मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, काम झालं.

एकूण रक्कम दाखवायला साधा स्पॅन न घेता आउटपुट हा टॅग घ्या. तो ह्याच कामासाठी आहे, आणि ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर लावतात, त्यांना बदललेली रक्कम तो बोलून दाखवतो. रक्कम लिहिताना इंटल डॉट नंबरफॉरमॅट घ्या, लोकेल, म्हणजे भाषा आणि देश, एन-आयएन दिलं तर आपल्या पद्धतीने लाखावर स्वल्पविराम पडतो, एमआर-आयएन दिलं तर वर आकडेही देवनागरी येतात. मी दुसरं ठेवलंय. काका खुश.

पिन, फोन, आणि नाव

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, सहा आकडी, पहिला आकडा शून्य कधीच नसतो. तर पॅटर्न म्हणजे १ ते ९ मधला एक आणि पुढे पाच आकडे. पॅटर्न ॲट्रिब्यूट आख्ख्या व्हॅल्यूवर लागतो, मागेपुढे वेगळी खूण करायला नको. पण लोक "४१६ ६१३" असं मधे जागा सोडून लिहितात, देवगडचा पिन आम्ही स्वतः तसाच सांगतो. तेव्हा चेंजवर आधी आकडेशुद्धी, मग जागा काढून टाका, मग व्हॅल्यू परत लिहा, तोवर माणूस रकान्यातून बाहेर पडलेला असतो, कर्सरची भानगड नाही. फोनचं तसंच. कुणी अधिक ९१ लावतं, कुणी पुढे शून्य, कुणी मधे डॅश. आकडे सोडून सगळं काढा, बारा आकडे असून सुरुवात ९१ ने असेल तर ती काढा, अकरा असून पुढे शून्य असेल तर तो काढा, उरलेले दहा आणि पहिला ६ ते ९ मधला असला की मोबाइल ठीक. आपण साफ करू शकतो ती गोष्ट गिऱ्हाइकाकडून साफ करून मागू नये. ऑटोकंप्लीटमध्ये टेल, पोस्टल-कोड, नेम हे टाकून ठेवलंत तर फोन आपणच अर्धा फॉर्म भरतो.

चुकीबद्दलचा संदेश मराठीत दाखवायचा तर सेटकस्टमव्हॅलिडिटी वापरा, "पिन सहा आकडी हवा" असं दिलं की ब्राउझर तोच फुगा दाखवतो. सापळा एकच, दुरुस्त झाल्यावर त्याला रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसावा लागतो. नाही पुसलात तर पिन बरोबर असूनही फॉर्म जन्मात सबमिट होत नाही. मी ह्यात एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे, लाइट गेलेली असताना, लॅपटॉपच्या शेवटच्या १२ टक्क्यांवर.

नावाच्या रकान्यात तर अजिबात शहाणपणा करू नका. ए ते झेड एवढंच चालेल असा रेगेक्स नेटवरून उचलला की "सावंत" चुकीचा ठरतो. तपासायचंच असेल तर यू फ्लॅग लावून बॅकस्लॅश पीच्या महिरपी कंसात एल, आणि सोबत एमसुद्धा. एल म्हणजे अक्षरं आणि एम म्हणजे त्यांना चिकटणाऱ्या मात्रा, वेलांट्या, हलन्त. फक्त एल घेतलंत तर "कदम" चालतो आणि "राणे" अडकतो, का ते कळायला मला दोन दिवस लागले. मॅक्सलेंथचंही हेच. "सिंधुदुर्ग" हे आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, मशीन मोजतं दहा. वीसची मर्यादा घातली की मराठी नाव निम्म्यात कापलं जातं. मर्यादा हवीच तर मोठी ठेवा, मी शंभर ठेवलीय.

हवं तेच विचारा

आमच्याकडे तीन तऱ्हा. घरपोच, गाडीने पाठवा आम्ही स्टँडवर उचलतो, किंवा येऊन बागेतूनच नेतो. जो बागेत येणार त्याला काका पत्ता विचारत नाहीत, तो कधी येणार ते विचारतात. फॉर्मनेही तेच करावं. रेडिओ बटणं तीन, आणि प्रत्येकाचे रकाने वेगळ्या फील्डसेटमध्ये.

इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली, नको तो भाग डिस्प्ले नन करून लपवायचा आणि झालं म्हणायचं. लपवलेला रकाना लपला तरी फॉर्ममध्येच असतो. त्यात आधी काही लिहिलं असेल तर ते जातं, आणि तो रिक्वायर्ड असून रिकामा असेल तर फॉर्म अडतो, बरं ब्राउझर तक्रार दाखवणार कुठे, रकाना तर दिसतच नाही! गिऱ्हाईक बटण दाबतंय दाबतंय, काही होत नाही, कन्सोलमध्ये एक ओळ येते फक्त, आणि कन्सोल आमचं गिऱ्हाईक कशाला बघेल.

फील्डसेटला हिडन करा आणि सोबत डिसेबल्ड पण करा. डिसेबल्ड फील्डसेटच्या आतले सगळे रकाने एका फटक्यात बाद होतात, तपासले जात नाहीत, पाठवले जात नाहीत. तऱ्हा बदलली की दोन्ही उलटे करा. लिहिलेलं आतच राहतं, माणूस परत घरपोचवर आला तर पत्ता जागेवर. आणि ज्याची व्हॅल्यू जायला हवी पण बदलता येऊ नये त्याला डिसेबल्ड नाही, रीडओन्ली. हिडन करूनही भाग दिसतच राहिला तर सीएसएसमध्ये त्याला डिस्प्ले फ्लेक्स दिलंय का बघा, ते हिडनवर मात करतं.

तारखेच्या रकान्यात कालची तारीख निवडता येऊ नये म्हणून मिन लावायचा. नेटवर सगळीकडे एकच नुस्खा, आजची तारीख घ्या, टूआयएसओस्ट्रिंग करा, पहिली दहा अक्षरं कापा. दिवसभर चालतो. पण ते फंक्शन यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ देतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच ह्या वेळात ते कालची तारीख देतं. तुम्ही म्हणाल त्या वेळी आंबे कोण मागवतं, तर मुंबईची रात्रपाळीवाली मंडळी मागवतात. गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट घेऊन स्वतः जोडा, गेटमंथ शून्यापासून मोजतं म्हणून एक मिळवा, आणि पॅडस्टार्टने दोन आकडी करा. रकान्याची व्हॅल्यू कायम वर्ष-महिना-दिवस अशीच असते, पडद्यावर कशीही दिसो.

पाठवताना

कान बटणाच्या क्लिकवर लावू नका, फॉर्मच्या सबमिटवर लावा. बरेच लोक शेवटच्या रकान्यात एंटर मारतात, आणि सबमिट ह्या इव्हेंटपर्यंत गोष्ट येते ती ब्राउझरची तपासणी पास झाल्यावरच, म्हणजे निम्मं काम फुकट. त्यात प्रिव्हेंटडिफॉल्टने ब्राउझरचं स्वतःचं पाठवणं थांबवून स्क्रिप्टच्या फेचने पाठवा. फॉर्म डॉट सबमिट असं कोडमधून बोलवलंत तर तपासणीही होत नाही आणि सबमिट इव्हेंटही उडत नाही, त्याऐवजी रिक्वेस्टसबमिट घ्या. माहिती गोळा करायला फॉर्मडेटा आहे. ऑब्जेक्ट डॉट फ्रॉमएंट्रीजने तिचा ऑब्जेक्ट करता तेव्हा एकाच नेमचे चार चेकबॉक्स असतील तर शेवटचा तेवढा उरतो, तिथे गेटऑल वापरा.

मग आपला खरा शत्रू, रेंज. बटण दाबलं, चाक फिरतंय, माणूस परत दाबतो, परत दाबतो, आणि तीन ऑर्डरी. सबमिट सुरू झाला की बटण डिसेबल करा आणि त्यावर "पाठवतोय..." लिहा, उत्तर आलं किंवा एरर आला की फायनलीमध्ये, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात, परत चालू करा. तेवढंही पुरत नाही, कारण कधी ऑर्डर पोचते आणि उत्तर परत येताना वाटेत मरतं. म्हणून फॉर्म उघडला तेव्हाच क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडीने एक नंबर बनवून ठेवा, साइट एचटीटीपीएसवर असेल तरच तो मिळतो, आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा. सर्व्हरला तो नंबर दुसऱ्यांदा दिसला की तो नवी पेटी बांधणार नाही. ऑर्डर गेल्यावर पुढच्या ऑर्डरसाठी नंबर नवा.

आणि लिहिलेलं जपून ठेवा. इनपुटवर, दर अर्ध्या सेकंदाला एकदापेक्षा जास्त नको, फॉर्ममधलं सगळं जेसनमध्ये, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये, करून ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये टाका, पान उघडताना परत भरा, ऑर्डर गेली की पुसा. परत भरताना ती जुनीच गंमत, स्क्रिप्टने भरलेलं इव्हेंट उडवत नाही, तेव्हा रक्कम आणि फील्डसेट दोन्हीची फंक्शनं हाताने बोलवा. सायबर कॅफेसारख्या दहा जणांच्या कॉम्प्युटरवर कुणी भरेल अशी शंका असेल तर सेशनस्टोरेज, टॅब बंद केला की जातं.

रक्कम सर्व्हरवर परत काढा, नक्की काढा. ब्राउझरात काढलेली रक्कम ही गिऱ्हाइकाला दाखवायची, तिच्यावर पेटी बांधायची नाही. हिडन रकान्यातला दर कुणीही डेव्हलपर टूल्स उघडून बदलू शकतो, आमच्याच एका भाच्याने मजा म्हणून पाच डझनी पेटी १ रुपयात मागवून दाखवली होती. काकांनी त्याला आढीतले आंबे निवडायला बसवलं.

फोनवर बघताना रकान्यांची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनमध्ये रकान्यात शिरलं की पान आपोआप मोठं होतं आणि निम्मा फॉर्म बाजूला जातो. आणि टेस्टिंग खोलीत पंख्याखाली बसून करू नका. मी फोन काकांच्या हातात दिला, भर दुपारी, अंगणात, बोटांना आंब्याचा चीक लागलेला असताना. प्लस-मायनसची बटणं त्या दिवशी दुप्पट मोठी झाली, आणि फिकट करड्या रंगात लिहिलेल्या सूचना काळ्या झाल्या.

शेवटचा रकाना साधा टेक्स्टएरिया आहे, लेबल "आणखी काही सांगायचंय?", त्याला मी कसलीच स्क्रिप्ट लावलेली नाही, वर सांगितलेला मसुदा जपण्यापुरती सोडून. त्यात लोक लिहितात, निम्मे तयार निम्मे हिरवे द्या. लिहितात, आई एकटी असते, दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका. काका तेवढंच वहीत उतरवून घेतात, बाकीचं म्हणे कॉम्प्युटरात हा मा.